टॉलिव्हरच्या बदल्यात लेनहार्ट

ऑर्विन डिट्मर ऑक्टोबरात गेला, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी त्याची बायको व्हर्ना त्याचा संघ घेऊन आमच्या टेबलाशी येऊन बसली. आम्ही सात जण नुसते बघत राहिलो. तिनं पर्समधून कार्डांचा गठ्ठा काढला, त्यावरचं रबर सोडवलं आणि म्हणाली, "असे बघू नका. त्याच्या कोटांचं काय करायचं ते मला कळत नाही, गाडीचं काय करायचं तेही कळत नाही. निदान या पोरांचं काय करायचं ते तरी तुम्ही शिकवाल."

पोरं म्हणजे जुने बेसबॉलचे खेळाडू. सगळे कधीच मातीत गेलेले. आमच्या शेबॉयगन गावात रविवार चर्चचा आणि फुटबॉलचा, म्हणून आम्ही शनिवार धरला होता. क्लीटस व्हॉइटच्या मेहुण्याचा बार होता, त्याच्या मागच्या खोलीत दुपारी आठ जण जमायचे, प्रत्येकाचा एक संघ. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड असायचं आणि तो माणूस त्या साली जसा खेळला होता तसे त्यावर आकडे. फासे टाकायचे, कार्डावर बघायचं, आणि चेंडू कुंपणापार गेला की कुणाच्या हातात बसला ते ठरायचं. दर हिवाळ्यात एक साल. त्या हिवाळ्यात आम्ही १९११ खेळत होतो. पुढच्या हिवाळ्यात १९१२ खेळणार होतो.

यातली खरी मजा अशी, की पुढे काय होणार ते आम्हाला अगोदरच ठाऊक असायचं. प्रत्येकाच्या घरी जुन्या मोसमांचं एक जाडजूड पुस्तक होतं. कुणाचा खांदा पुढच्या साली जाणार, कोण दारूपायी घरी बसणार, कुठलं शेंबडं पोर चार वर्षांत राजा होणार, सगळं त्यात छापलेलं. त्यामुळे खेळाडूंची अदलाबदल करताना कुणी कुणाला फसवू शकत नसे. भविष्य दोघांनाही सारखंच माहीत. घासाघीस व्हायची ती आज जिंकायचंय की उद्या, एवढ्यावरच.

व्हर्नाला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. ऑर्विनचं पुस्तक तिनं त्याच्या शर्टांबरोबर चर्चच्या विक्रीत देऊन टाकलं होतं. त्यात काय आहे ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं. तीस वर्षं ती या खेळाला "तुमचे मेलेले मित्र" म्हणत आली होती.

लॉइड बेन्के हा ऑर्विनचा सगळ्यांत जवळचा मित्र. आठव्या रस्त्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. सावकाश बोलणारा, हात फार हलका असलेला माणूस. नाकावर चष्मा ठेवताना गिऱ्हाइकाला त्याची बोटं जाणवायचीसुद्धा नाहीत. त्याच्या संघाचं नाव 'कूपर्स', आणि लीग सुरू झाल्यापासून कूपर्सनी एकदाही झेंडा, म्हणजे मोसमाचं अजिंक्यपद, जिंकला नव्हता. त्यावरून आम्ही त्याला फार छळायचो. ऑर्विन तर त्याच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "याच्याकडून चष्मा घ्या, पण सल्ला घेऊ नका."

यापुढचं मी सांगतो आहे ते बरंचसं लॉइडनं मला स्वतः सांगितलं. थोडं त्याची बायको आर्डिस हिच्याकडून कळलं.

पहिले तीन आठवडे व्हर्ना ओळीनं हरली. ती हसत हसत हरायची, पण घरी गेल्यावर तिला ते लागायचं. तिनं लॉइडला फोन केला. ऑर्विनचे पिचर म्हणजे नुसते चेंडू टाकणारे हमाल आहेत, तिचं म्हणणं. एक तरी धड माणूस पाहिजे. लॉइडनं विचारलं, बदल्यात काय देशील. ती म्हणाली, "तूच सांग. मला यातलं काय कळतंय. तू म्हणशील ते."

लॉइडकडे बेन टॉलिव्हर होता. १९११ सालचा सगळ्यांत भारी पिचर. त्याच्यासमोर भलेभले फटकेबाज गारद व्हायचे. आणि व्हर्नाकडे, ऑर्विननं मागच्या एप्रिलला, पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडायचे तेव्हा, घेतलेला ऑगी लेनहार्ट होता. लेनहार्ट त्या साली वीस वर्षांचा, बाकावर बसणारा, त्याच्या कार्डावर बघण्यासारखं काही नव्हतं. पण पुढची दहा-बारा वर्षं त्याच्यासारखा फलंदाज दुसरा होणार नव्हता. आणि बेन टॉलिव्हर १९१२च्या फेब्रुवारीत विषमज्वरानं मरणार होता. पुढच्या हिवाळ्यात त्याचं कार्डच नव्हतं.

हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

लॉइडनं फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली आणि म्हणाला, "टॉलिव्हर घे. मला ते लेनहार्ट नावाचं पोर दे."

"टॉलिव्हर? तो तुझा चांगला ना रे?"

"यंदाचा सगळ्यांत चांगला."

"मग मला कशाला देतोस?"

"तुला पिचर पाहिजे ना," लॉइड म्हणाला.

यात एक शब्दही खोटा नव्हता. पुढे तो कितीतरी दिवस स्वतःला हेच सांगत होता.

अदलाबदलीला लीगच्या अध्यक्षाची मंजुरी लागायची, आणि अध्यक्ष क्लीटस. त्यानं जन्मभर पत्रं वाटली होती; कुणाच्या घरी काय चाललंय ते त्याला पाकिटावरून कळायचं. शनिवारी त्यानं लॉइडला बारच्या दाराशी गाठलं. तिला टॉलिव्हरचं सांगितलंस ना, त्यानं विचारलं. लॉइड म्हणाला, सांगितलं. क्लीटसनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग खांदे उडवून आत गेला. खोटं बोलणं झालं ते एवढंच, एका शब्दाचं.

आम्ही बाकीच्यांनीही तिला काही विचारलं नाही. लॉइडनं सांगितलंय म्हटल्यावर प्रश्न मिटला होता. आणि खरं सांगायचं तर, नुकताच नवरा गेलेल्या बाईसमोर मरणाचा विषय काढायला कुणाची जीभ रेटत नव्हती.

टॉलिव्हर आल्यावर व्हर्ना जिंकायला लागली. फासे हातात घेतले की ती त्याच्या कार्डाशी बोलायची, "चल रे बाबा, या जाड्याला घरी पाठव." जाड्या म्हणजे समोरचा कुणीही, बहुतेक वेळा क्लीटस. ती खोली इतकी हसती आम्ही कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. ऑर्विन असतानाही नव्हती. ऑर्विन खेळताना गंभीर असायचा. एकदा तिनं ओळीनं दोन संघांना एकही धाव करू दिली नाही. तेव्हा तिनं टॉलिव्हरच्या कार्डाचा मुका घेतला आणि आम्हाला म्हणाली, "टाळ्या वाजवा की मेल्यांनो." आम्ही वाजवल्या. लॉइडनंही वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात ती त्याच्या दुकानात आली. खसखशीचा मोठा केक घेऊन. आभार मानायला. म्हणाली, बाकीचे सगळे मला पोरीसारखं वागवतात, खोटं खोटं कौतुक करतात. तू एकट्यानंच मला खरोखरीचं काहीतरी दिलंस. लॉइडनं केक घरी नेला आणि ओट्यावर ठेवला. तीन दिवस तो तसाच होता. आर्डिसनं विचारलं, तुझ्या आवडीचा केक आणि तू हात लावत नाहीस, तब्येत बरी नाही का. लॉइड म्हणाला, पोट बिघडलंय. आर्डिसनं मग तो कापून शेजाऱ्यांना वाटला.

पण लॉइडनं केकला हात लावला नाही तो नुसत्या टॉलिव्हरमुळे नव्हे. त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती.

आदल्या जून महिन्यात तो आणि ऑर्विन एल्खार्ट तळ्यावर मासे धरायला गेले होते. तिथे होडीत ऑर्विननं त्याला सांगितलं, की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, मिलवॉकीच्या डॉक्टरांनी ख्रिसमसची आशा धरू नका म्हटलंय, आणि व्हर्नाला यातलं काही कळता कामा नये. लॉइडनं शब्द दिला. सगळा उन्हाळा तो ऑर्विनला "मासे धरायला" म्हणून मिलवॉकीला नेत होता. येताना बाजारातून पर्च मासे विकत घ्यायचे. व्हर्ना ते तळून वाढायची, आणि लॉइड तिच्या टेबलावर बसून खायचा. ऑगस्टात ती दोन आठवडे बहिणीकडे ग्रीन बेला गेली, काकड्यांचं लोणचं घालायला. जाऊ का, तिनं लॉइडलाच विचारलं होतं. ऑर्विन जरा उतरलेला दिसतोय. लॉइड म्हणाला होता, जा की, मी आहे ना. सप्टेंबरात ऑर्विन पिवळा पडला तेव्हा तिला कळलं. त्यानंतर फार दिवस उरले नव्हते.

अदलाबदल करताना लॉइडला यातलं काही आठवलं नव्हतं. त्यानं मला शपथेवर सांगितलं. ते आठवलं केक दुकानात आला तेव्हा, आणि मग डोक्यातून जाईना. पुन्हा एकदा मरणारा माणूस तिच्यापाशी होता, ते आपल्याला माहीत होतं आणि आपण तोंड मिटून बसलो.

डिसेंबरात अदलाबदलीची मुदत संपायच्या आधी त्यानं ती फिरवायचा प्रयत्न केला. शनिवारी डाव संपल्यावर व्हर्नाला म्हणाला, मला टॉलिव्हर परत दे. लेनहार्ट घे, वर पिचरचे चेंडू झेलणारा माझा कॅचरही घे. हा कॅचर खरोखर चांगला होता. एवढा आतबट्ट्याचा सौदा लॉइडनं कधी केला नव्हता.

व्हर्ना हसायला लागली. "आता पस्तावलास होय? जमायचं नाही. टॉलिव्हर माझ्याकडेच म्हातारा होणार."

क्लीटसनं मान वर केली आणि सरळ लॉइडकडे पाहिलं. त्याला तेव्हा कळलं. मलाही कळलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही, आणि लॉइडनं आपली कार्डं गोळा केली.

पार्किंगमध्ये क्लीटसनं त्याला गाठलं. मी बाजूलाच काचेवरचा बर्फ खरवडत होतो. क्लीटस ओरडला नाही. म्हणाला, हे माझ्या तोंडून तिला कळायची वेळ आणू नकोस. लॉइडनं मान हलवली. पण ख्रिसमस गेला, नवं वर्ष लागलं, आणि त्यानं काही सांगितलं नाही. रोज दुकानातून निघताना आज जाऊ म्हणायचा, आणि गाडी आपोआप घराकडे वळायची.

जानेवारीत आर्डिसनं जेवताना सहज सांगितलं, की व्हर्ना सोमवारी लायब्ररीत जाणार आहे. तिला टॉलिव्हरची माहिती काढायची आहे. केंटकीत त्याचं गाव आहे म्हणे, तिथे कुणी नातवंडं असतील तर त्यांना लिहायचंय. आर्डिस म्हणाली, बिचारीला काहीतरी विरंगुळा. लॉइडनं काटा खाली ठेवला.

रविवारी चर्चहून आल्यावर तो तिच्या घरी गेला. ती अंगणातला बर्फ उपसत होती. त्यानं तिच्या हातातून फावडं घेतलं आणि सगळी वाट साफ केली, रस्त्यापर्यंत. मग शेजाऱ्याचीही थोडी केली. शेवटी ती म्हणाली, "आता सगळं गाव उपसणार आहेस का? आत ये."

बूट काढून तो स्वयंपाकघरात बसला. तिनं कॉफी ओतली. टेबलावर टॉलिव्हरचं कार्ड मिठाच्या बाटलीला टेकवून उभं केलेलं होतं. लॉइडनं कपाला हात न लावता सांगून टाकलं. टॉलिव्हर फेब्रुवारीत मरतो. पुढच्या साली त्याचं कार्ड नाही. लेनहार्ट मोठा खेळाडू होणार आहे. मला हे माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. क्लीटसला सांगितलंय म्हणालो, तेही खोटं.

व्हर्नानं कार्ड उचललं, उलटं करून पाहिलं, जणू मागे काही लिहिलेलं असेल.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"हो. पण त्यांना वाटलं तुला माहीत आहे."

"आणि उद्या मी लायब्ररीत जाणार, म्हणून आज आलास."

लॉइडनं मला सांगितलं, की या वाक्याला नाही म्हणावं असं त्याला फार वाटलं. तो हो म्हणाला.

तिनं कार्ड पुन्हा मिठाच्या बाटलीला टेकवलं. मग कार्डावरची नजर न काढता तिनं विचारलं, "आणि ऑर्विनचं? तेही तुला माहीत होतं ना?"

त्यानं कप जवळ ओढला. ती म्हणाली, "उन्हाळाभर तू माझ्याकडे बघून बोलत नव्हतास. मासे आणायचात ते साफ केलेले असायचे. ऑर्विननं जन्मात कधी मासा साफ केला नव्हता. मला वाटलं, दोघं मिळून काही चाळे करताय. घोड्यांच्या शर्यती वगैरे. मी हसत होते मनात." तिनं आता त्याच्याकडे पाहिलं. "कधीपासून?"

"जूनपासून."

"मी ग्रीन बेला जाऊ का म्हणून तुला विचारलं होतं."

"हो."

"काकड्या चिरत होते मी तिथं, लॉइड. दोन आठवडे."

तो रडायला लागला. तिनं त्याला रडू दिलं, पण उठून जवळ गेली नाही. मग म्हणाली, "बूट घाल आणि घरी जा. तुझ्या रडण्याकडे बघायची ताकद माझ्यात नाही."

पुढच्या शनिवारी ती येणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. ती आली. कोट काढला, खुर्चीवर बसली आणि आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "यापुढे कुणाला माझी कीव आली," ती म्हणाली, "तर त्यानं ती तोंडानं बोलून दाखवायची. गप्प बसून नाही." क्लीटसनं माफी मागितली. मीही मागितली. लॉइडनं सांगितलं, की मुदत संपली असली तरी सगळे तयार असतील तर अदलाबदल रद्द करू, लेनहार्ट परत घे. सगळे तयार होते. ती नाही म्हणाली. टॉलिव्हर माझा आहे, मोसम संपेपर्यंत तोच खेळेल.

आणि तिनं त्याला खेळवला. नियमानं जेवढे डाव टाकता येतात तेवढे सगळे. आता ती त्याच्याशी बोलत नव्हती. फासे टाकायची, आकडा वाचायची, कार्ड पुन्हा सरळ ठेवायची. मार्चच्या शेवटच्या शनिवारी तिची गाठ कूपर्सशी पडली, आणि टॉलिव्हरनं लॉइडच्या संघाला साफ झोपवलं. ती तिसरी आली. लॉइड पाचवा. समोरासमोर बसून दोघं सगळा वेळ "टाक", "बाद", "पुढचा" एवढंच बोलले.

एप्रिलच्या निवडीच्या वेळी लॉइडनं लेनहार्टला सोडून दिला. म्हणजे त्याचं कार्ड मधोमध ठेवलं, ज्याला पाहिजे त्यानं आपल्या पाळीला उचलावं. व्हर्नाच्या अगोदर काही जणांची पाळी होती, पण त्यांनी ठरवून दुसरेच खेळाडू घेतले, तिच्यासाठी वाट ठेवली. व्हर्नाची पाळी आली. तोवर तिनं नवं पुस्तक विकत घेतलं होतं, त्यात कागदाच्या चिठ्ठ्या खोचल्या होत्या. लेनहार्ट कोण आहे ते तिला आता आमच्याइतकंच माहीत होतं. तिनं एक पिचर उचलला, सिनसिनाटीचा, बेताचाच, पण सत्तरी ओलांडून जगलेला. लेनहार्ट क्लीटसकडे गेला. क्लीटसनं त्याच्या जोरावर पुढे दोनदा झेंडा जिंकला, आणि दोन्ही वेळा आम्ही फारसं नाचलो नाही.

मेमध्ये तिनं लॉइडला दुकानात फोन केला. तोपर्यंत ती त्याच्याशी टेबलाबाहेर एक शब्द बोलली नव्हती. म्हणाली, "माझा तो उन्हाळा तुझ्याकडे आहे. मला तो पाहिजे. सगळा सांगायचा, काही गाळायचं नाही."

तो तिला एल्खार्ट तळ्यावर घेऊन गेला; गळ आणि गांडुळांचा डबा घेऊन दोघं होडीत बसले. सांगायला फार वेळ लागला, कारण ती मध्ये मध्ये थांबवायची. त्या दिवशी अंगात काय होतं त्याच्या? निळा स्वेटर? मिलवॉकीला जाताना तो काय खायचा? दुखायचं तेव्हा कुठल्या कुशीवर झोपायचा? लॉइडला जे आठवत नव्हतं तिथे तो आठवत नाही म्हणाला. तिनं विचारलं, मला का नाही सांगायचं म्हणाला? लॉइडनं सांगितलं, की त्याला एक उन्हाळा नेहमीसारखा पाहिजे होता. ज्यात तू त्याच्यावर डाफरत असशील असा. तू एकदा रडायला लागलीस की त्याला तुझी बोलणी खायला मिळणार नाहीत, म्हणाला.

"आणि तू ऐकलंस."

"मी ऐकलं."

"मला विचारायचं होतंस," ती म्हणाली. "मी रडले असते आणि डाफरलेही असते. मला दोन्ही एकदम येतं."

मग आणखी काय म्हणाला, असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, तेव्हा लॉइडनं शेवटी ते सांगितलं, जे त्यानं मलाही तोवर सांगितलं नव्हतं. होडी किनाऱ्याला लावताना ऑर्विन म्हणाला होता, "एक मात्र आहे बेन्के. मी मेलो तरी लेनहार्ट तुझ्या हाताला लागणार नाही."

व्हर्ना हसली. होडी हलेल इतकं हसली, आणि मग ते हसणं राहिलं नाही. लॉइड वल्ही धरून बसून राहिला. वारा सुटला होता आणि होडी हळूहळू लव्हाळ्यांकडे सरकत होती, पण त्यानं ती सावरली नाही.

शेवटी तिनं डोळे पुसले. त्यानं विचारलं, अजून रागावली आहेस का.

"हो," ती म्हणाली. मग डब्यातलं एक गांडूळ घेऊन तिनं गळाला लावला, आणि त्याला म्हणाली, आपण जरा खोल पाण्यात जाऊ या.